साधी हवा नको

मुलगी गाडीतच झाली. पण तूर्त ते विसरा. अजून काहीच झालेलं नाही. दवाखाना लांब आहे, मागचं चाक बसत चाललंय आणि पंपवाला हवेची नळी घेऊन उभा आहे.

"साधी नको," नवरा त्याला म्हणाला. "आत नायट्रोजन आहे. भेसळ होईल."

"अहो, साध्या हवेतही बहुतेक नायट्रोजनच असतो!" मागच्या सीटवरून बायको कळ सोसत किंचाळली. "भरू द्या त्यांना!"

"असतो गं. पण शुद्ध नसतो."

यावर मागून तिसऱ्याच कुणीतरी टाहो फोडला.

दवाखान्यात पोचल्यावर बायकोने आधी कागद मागितला आणि लिहिलं : 'सदर बाळाच्या वडिलांना यापुढे साध्या हवेत श्वास घेण्यास मनाई करण्यात यावी, ही नम्र विनंती.'