डावा अंगठा

"पोलिसात जाऊ नकोस, द्वारका. तक्रार नोंदली की गावाचं तंटामुक्तीचं बक्षीस हुकेल," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

नवऱ्याने हात मोडल्यावर ती त्यांच्याकडे आली होती. यंदाची ही तिसरी खेप. समजुतीचा कागद तयारच होता. तिला सही येत होती, पण उजवा हात प्लास्टरमध्ये. "डावा अंगठा चालेल," ते म्हणाले.

महिन्याभरात बक्षीस मिळालं. सत्काराला आलेल्या साहेबांना ओवाळायला बायका जमल्या. मिटलेल्या भांडणाचा नमुना म्हणून अध्यक्षांनी तिलाही उभं केलं. उजवा हात अजून प्लास्टरमध्येच होता; तिने डाव्या हाताने निरांजन उचललं.

"डाव्या हातानं ओवाळतात होय? अपशकुन होतो," ते तिच्या कानाशी पुटपुटले.

निरांजन खाली ठेवत ती साहेबांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "समजुतीच्या कागदावर डावाच अंगठा चालला होता की, भाऊ."