फाउंटनपाशी ट्राम

“अहो, मलाही घ्या ना एकदा सिनेमात,” फ्लोरा फाउंटनपाशी आई हसत म्हणाली. नाना आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याला डोळा लावून उभे होते. “शालन, बाजूला सर. ट्राम येतेय.” आई सरली. शेजारी उभ्या नलूला आईची बाजू घ्यावीशी वाटली, पण नेहमीप्रमाणे ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उतरवताना आई कोसळली, ती उठलीच नाही. तेराव्याला भिंतीवर लावायला तिचा धड फोटोही मिळेना. लग्नाच्या फोटोत मान खाली होती. नानांच्या चौदा रिळांत अख्खी मुंबई होती, आई नव्हती.

महिन्याभराने ती फिल्म धुऊन आली. नानांनी पडदा लावला. फाउंटन, ट्राम, आणि अचानक मधोमध आई. तिने घाईघाईने केस सारखे केले, थेट कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि मग मुकाट्याने बाजूला झाली.

“छे, ट्रामच झाकली गेली,” नाना कात्री शोधत पुटपुटले. “एवढा तुकडा काढावा लागणार.”

“काढा, नाना, आणि मला द्या,” नलू म्हणाली. “तुम्हाला आई कधी हवीच नव्हती.”