न कुजलेला पंचा

बांधावर पुरलेल्या सुती पंच्याचा एक धागासुद्धा हाती लागला नाही. मग सुनेनं, महानंदानं, उसाच्या सरीत पुरलेला दुसरा पंचा उकरून झटकला आणि बसाप्पा आ वासून बघतच राहिले. मातीचा कस बघायला तिनं दोन्ही पंचे लागवडीच्या वेळी एकाच दिवशी पुरले होते, पण हा जसाच्या तसा होता. धुतला असता तर खांद्यावर टाकून बाजाराला जाता आलं असतं.

"मामा, बांधावरची माती जिवंत आहे. फडातली मेलीय," महानंदा हळूच म्हणाली. "दरसाल उसाचं वाळलं पाचट पेटवलं, रासायनिक खताची पोती ओतली. काही कुजवायचंसुद्धा बळ उरलं नाही तिच्यात."

"खुळी का काय तू? गावात माझ्यासारखा स्वच्छ फड..." बसाप्पांचं वाक्य अर्ध्यातच तुटलं.

त्यांची नजर फडाच्या मधोमध असलेल्या चौथऱ्यावर गेली होती. लिंगायतांच्या रिवाजानं बायकोला त्यांनी याच मातीत समाधी दिली होती, तिचं आवडतं सुती इरकल नेसवून.

पंचा छातीशी धरून ते मटकन सरीतच बसले.

"महानंदा, तिला तरी घेतलं असेल ना गं मातीनं?"