निळ्या पिशव्या
दोन वर्षांत सव्वीस घरं बघून यिल्वाचा जीव मेटाकुटीला आला होता. स्टॉकहोम वाढत चाललं तशा जवळच्या सिगटुना गावातल्या जुन्या लाकडी घरांवरही उड्या पडत होत्या. दर वेळी विकाऊ घराच्या दारातल्या टोपलीतून निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या काढून बुटांवर चढवायच्या, परक्यासारखं फिरायचं, किमतीच्या बोलीत हरायचं. आज अखेर किल्ली मिळाली. "आता त्या पिशव्यांचं तोंडही बघणार नाही," म्हणत तिने बूट न काढताच खोकी आत आणली. तेवढ्यात बेल वाजली. घर विकणाऱ्या हेड्विगआजी विसरलेला चष्मा न्यायला आल्या होत्या. "या ना आजी." आजींनी दारात अजून तशीच असलेल्या टोपलीतून निळ्या पिशव्या उचलल्या, भिंत धरून, वाकून एकेक बुटावर चढवली. "अहो, राहू द्या." "नको गं. तुझ्या घरात चिखल कशाला?" काल आजींनीच घासूनपुसून ठेवलेल्या लाकडी जमिनीवर यिल्वाच्या बुटांचे ओले ठसे स्वयंपाकघरापर्यंत गेले होते.