सुखरामचा नकार

सळईचा पहिला फटका देवाजीच्या खांद्यावर बसला. जमाव आला होता सुखरामसाठी. देवाजी मध्ये पडला, एवढंच.

पोलाद कारखान्याजवळच्या खुर्सीपार वस्तीतल्या त्या गल्लीत, रविवारी चर्चहून आल्यावर सुखरामच्या घरी ख्रिस्ती प्रार्थना चालायची. शेजारच्या बाबुलालची बायको तिथं येऊन बसू लागली होती. तिला बाटवलं, असं कुणीतरी बाबुलालच्या कानात भरवलं. त्या रविवारी दुपारी तो माणसं घेऊन आला. त्यांनी बाजाची पेटी फोडली, बायबल नालीत फेकलं आणि सुखरामला केसांना धरून बाहेर ओढलं.

देवाजी तेव्हा आत चहा पीत होता. तो नास्तिक. दोघं गोंदियाकडचे, कारखान्यात कोळशाच्या भट्टीवर एकाच शिफ्टला. भट्टीत जिवंत जळालेला माणूस देवाजीनं पाहिला होता. त्या दिवशी घरी येऊन त्यानं देव्हारा उचलला आणि माळ्यावर टाकला. दर रविवारी प्रार्थना आटोपली की तो सुखरामकडे वाद घालायला यायचा. "देव नाही, एकदा तरी म्हण ना बाप्पा," असं म्हणायचा. सुखराम हसायचा. "तुझ्या नावातच हाये तो."

आता सुखरामच्या तोंडातून रक्त गळत होतं.

"बोल, येशू नहीं है," बाबुलाल म्हणाला.

सुखराम बोलला नाही. लाथा बसल्या. बरगडीत बसल्या, तोंडावर बसल्या. तरी नाही. मग बाबुलालनं देवाजीकडे पाहिलं. त्याच्या माणसांनी देवाजीला नळाच्या ओट्यावर दाबून धरलं, त्याचा हात लांब केला. सळई पडली. हाड मोडल्याचा आवाज गल्लीला ऐकू गेला.

"बोल. नहीं तो अब इसकी खोपड़ी."

"नको म्हणू, सुखराम," देवाजी कण्हत म्हणाला.

सळई पुन्हा वर गेली.

"नाही," सुखराम म्हणाला. "येशू नाही. देव नाही. सोडा त्याले."

लोक हसत निघून गेले.

पुढच्या रविवारी देवाजी प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून आला. सुखराम भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"काहून बसून राहिला? चर्चची वेळ झाली."

"कोणत्या तोंडानं जाऊ? साऱ्या गल्लीसमोर नाकारलं मी त्याले. तू जिंकला, देवाजी."

हेच ऐकायला देवाजी इतकी वर्षं भांडला होता. पण त्यानं चांगल्या हातानं सुखरामला उठवलं आणि चालवत चर्चपर्यंत नेलं. दाराशी सुखरामचे पाय अडले. तो पायरीवरच बसला.

देवाजी एकटा आत गेला. उपासना चालू होती. लोक वळून पाहू लागले, पाळक वाचता वाचता थांबले. तो बाकांमधून सरळ पुढं गेला आणि क्रूसासमोर उभा राहिला.

"मी तुले मानत नाही," तो म्हणाला. "पण तो खोटं बोलला ते माझ्यापायी. त्याच्यावर राग नको धरू."