नंबर बदलायचा नाही

"उद्या हातोडा घेऊन येतो. मग बोंबलू नकोस."

मालसुनने मेसेज दोनदा वाचला. मुळ्याच्या किमचीचं, म्हणजे कोरियन लोणच्याचं, तिखट हाताला तसंच होतं. चार दिवसांतला हा सहावा मेसेज. अनोळखी नंबर; फोन केला तर उचलत नाही. पहिला होता, "लाज वाटते का?" दुसरा, "ही जागा काय तुझ्या बापाची आहे?" आता दुकान तर खरंच बापाचं होतं! ते कोणाच्या डोळ्यांत खुपत होतं? सोळा वर्षं ती कोरियातल्या देगू शहराच्या बाजारात किमची विकत होती, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिचं डोकंच चालेना.

"हानसोलची आई, नंबर बदल आणि मोकळी हो," शेजारची मासेवाली चुनजा म्हणाली. चौकीतला पोलीसही काल तेच म्हणाला होता. "मावशी, दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांचं! आणि त्यानंतर हानसोलने फोन केला तर? सरकारी नोकरीच्या परीक्षेत पोरगा चौथ्यांदा नापास झाला, तेव्हा रागाच्या भरात ती बोलून गेली होती, "पास झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस." तो आपली छोटी गाडी घेऊन गेला तो गेलाच. दीड महिना झाला. त्याचा फोन बंद. त्याला पाठ असलेला एकच नंबर होता, हा.

"मारू दे हातोडा," ती म्हणाली. "नंबर नाही बदलायची मी."

"वेड लागलंय तुला!"

फोन पुन्हा थरथरला. या वेळी फोटो होता. कुठल्याशा गोदामाचं फाटक, फाटकाला चिकटून छोटी पांढरी गाडी, काचांना आतून चादरी. खाली लिहिलं होतं, "नाटकं पुरे. माझा ट्रक चार दिवस बाहेर उभा आहे. गाडी काढ, नाहीतर फोडतो."

गाडी? तिला तर सायकलही येत नव्हती. मग तिला नंबरपाटी दिसली. हानसोलची गाडी! गाडी कोणाला आडवी आली तर फोन कुठे करायचा, तो नंबर इकडे सगळेच गाडीच्या काचेशी ठेवतात. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून पोराने तिथे आईचाच नंबर ठेवला होता.

चार दिवस ती गाडी हललेली नव्हती.

"दे इकडे, पोलिसांना दाखवू. पुरावाच मिळाला," चुनजा म्हणाली. मालसुनला काही ऐकू येत नव्हतं. माखलेल्या बोटांनी तिने कसंबसं लिहिलं, "फोडा, खुशाल फोडा. पण आधी आत बघा हो. कोणी आहे का?"

पाच मिनिटं गेली. दहा गेली. गिऱ्हाईक आलं, हाका मारून निघून गेलं. मग उत्तर आलं.

"आहे एक पोरगा. तापाने फणफणलाय. हात जोडून म्हणतोय, काहीही करा, पण आईला कळवू नका."