पेन्सिलीच्या खुणा

गोजरबाईचं बोट तिसऱ्या ओवीवर अडखळलं, मागं गेलं, पुन्हा पुढं आलं. आवाज मध्येच फाटला आणि खोकल्याची उबळ आली.

"ह्या पोथीत काय तरी चुकलंय गं," ती म्हणाली.

बाराच्या एसटीनं सृष्टी इंदापूरहून पळसदेवला ब्रेलमधली, उठावदार ठिपक्यांची पोथी घेऊन आली होती, ती काय हे ऐकायला? चार वाजता देवीच्या देवळात पारायण बसणार होतं. एरवी दरवर्षी वाचणारी गोजरबाई डोळे गेल्यापासून दोन वर्षं तिथं नुसती ऐकत बसली होती. दीड वर्ष बारामतीला हेलपाटे घालून बोटांनी वाचायला शिकली, ती आजच्या दिवसासाठी. आणि आता दोन वाजून गेले होते.

"मी तीनदा तपासलंय, मावशी."

तपासलं होतं हे खरंच. गोजरबाईचीच जुनी छापील पोथी ब्रेल केंद्रानं स्कॅन करून सृष्टीकडे दुरुस्तीला दिली होती. यंत्रच ते, त्याला कुंकवाचा डाग दिसला की पूर्णविराम वाटतो आणि बुरशीचा ठिपका दिसला की अनुस्वार. केंद्राचा नियम एकच: छापलंय तेवढं ठेवायचं, बाकी साफ. सृष्टीनं पाच दिवस बसून साफ केलं. ओवीच्या मध्येच भलतीकडे पडलेले स्वल्पविराम तर तिनं शेकड्यांनी उडवले. बोटाखाली नसता ठिपका आला की वाचणारा फसतो.

"माझं थांबं कुठं हायती?" गोजरबाईनं विचारलं.

"कसले थांबे?"

"पेन्सिलीनं केल्यालं. दम कुठं घ्यायचा त्याच्या खुणा. ओवी ही एवढी लांब, मधी श्वास न्हाय घेतला तर मरंल की माणूस!"

कर्म माझं! सृष्टीला सगळं एकदम लख्ख कळलं. त्या बारीक रेघा यंत्राला स्वल्पविराम वाटल्या आणि तिला घाण.

घराच्या दारात तात्याबा उभे होते. देवळाचं सगळं तेच बघायचे, आणि मघापासूनची ही त्यांची तिसरी चक्कर होती. "गोजरबाई, जमत नसलं तर सांग. सर्जेरावाची सून वाचंल औंदा. तू शेजारी बस, मान तुझाच."

"शेजारी बसाया मी काय समई हाय?"

तात्याबा दारातून हलले नाहीत.

सृष्टीला जागेवर बसवेना. तिनं पिशवी उपसून छापील पोथी काढली. "खुणा ह्यात आहेत सगळ्या. बघून बघून आत्ता ठिपके टोचते, आजचा अध्याय होईल. विचारायला पाहिजे होतं मी तुम्हाला." आवाज रडवेला झाला होता.

"व्हय, पाहिजे हुतं." गोजरबाईनं एवढं ऐकवलंच. मग म्हणाली, "घाल."

ब्रेल पोथीची पानं सुटीच होती. ठिपके पुढच्या बाजूला उठावेत म्हणून सृष्टीनं पान उलटं धरलं आणि खुणा बघून शब्दांमधल्या जागेत टोच्यानं ठिपके दाबले. सात-आठ झाल्यावर पान गोजरबाईच्या मांडीवर ठेवलं.

गोजरबाई वाचू लागली. पहिल्या ठिपक्याच्या आधीच आवाज बारीक झाला. पुन्हा वाचलं, पुन्हा तेच. ठिपका दोन शब्द पुढंच राहिला. तात्याबांनी मान खाली घातली.

सृष्टीनं घाबरून छापील पान ताडून पाहिलं. "बरोबर आहे हो मावशी. खूण तिथंच ठिपका."

"बराबरच असंल. त्या खुणा केल्या तवा मी चाळिशीची हुते. दिवसभर खुरपून यायचे आन् अर्धी-अर्धी ओवी एका दमात म्हणायचे." तिनं नखानं तो ठिपका घासून सपाट केला. पुढचाही केला. "ती बाई गेली आता. मिट ते पुस्तक."

तात्याबांनी घड्याळ पाहिलं. "लई थांबं केलं तर अध्याय लांबंल, बाई."

"लांबू दे. देवीला काय एसटी गाठायचीय?"

तात्याबा दारातच खाली बसले. "साडेचारला बसवू," ते म्हणाले.

सृष्टीनं छापील पोथी मिटली आणि टोचा हातात घेतला. गोजरबाई पहिल्या ओवीपासून वाचायला लागली. चौथ्या शब्दाला श्वास संपला. बोट तिथंच रोवून तिनं दम खाल्ला.

"हितं घाल," ती म्हणाली.